चटईवरून बाकावर

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



लहान मुलांच्या शिक्षणावर बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो होतो. मी शिक्षक नाही. बी.ए. झालो, पाटबंधारे खात्यात कारकुनी करतो आणि उरल्या वेळात मराठीत कविता लिहितो. या विषयातलं आमच्या घरात कुणाला कळत असेल तर ते माझ्या पत्नीला. अठ्ठावीस वर्षं ती अंगणवाडी सेविका आहे. पण तीच म्हणाली, "तुम्ही जा. मी गेले तर काय करावं ते सांगेन. तुम्ही गेलात तर काय करू नये ते सांगाल, आणि त्याचा साठा तुमच्याकडे मोठा आहे."

तेव्हा आज मी जे बोलणार आहे, त्यातलं शहाणपण तिचं आणि चुका माझ्या, असं समजून ऐका.

2025 च्या जूनमध्ये माझी नात पहिलीत जायची होती. त्याआधी उन्हाळ्यात आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर एक मेळावा झाला. 'शाळापूर्व तयारी अभियान' हे त्याचं सरकारी नाव. 'पहिले पाऊल' हे लोकांच्या तोंडात बसलेलं. 2022 पासून आपल्या राज्यात असे मेळावे होतात. पहिलीत येणारी मुलं आणि त्यांचे पालक यांना शाळेत बोलावतात, मंडपात सात टेबलं मांडतात. पहिल्या टेबलावर नाव नोंदवायचं. पुढे शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक आणि भावनिक विकास, भाषा, गणिताची पूर्वतयारी, आणि शेवटच्या टेबलावर आईवडिलांशी बोलणं. मूल एकेका टेबलावर जातं, तिथं काहीतरी करून दाखवतं आणि बाई हातातल्या कार्डावर नोंद करतात.

मैदानावर फक्कीनं एक रेघ ओढली होती. नात तिच्यावरून दोन्ही हात पसरून तोल सावरत चालत गेली. उड्या मारल्या. एका पायावर लंगडी मात्र दोन पावलांतच संपली. मग कागद आणि कात्री. कागदावर आखलेल्या रेघेवरून कापायचं होतं. नातीनं कात्री दोन्ही हातांत धरली, आणि कागद कापला जायच्या ऐवजी दुमडला. माझी पत्नी मागे उभी होती, तिचा चेहरा पडला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांच्या हातात कात्री दिली, आणि स्वतःच्या नातीला घरात 'हात कापेल' म्हणून कुणी ती धरूच दिली नव्हती. 'कुणी' म्हणजे मीच.

भाषेच्या टेबलावर एक चित्र होतं. विहीर, पाणी भरणाऱ्या दोन बायका, काठाजवळ एक बकरी. बाईंनी विचारलं, "काय काय दिसतंय गं?" आमच्या घरात दखनी बोलतात. नात चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "ये बाई पानी भरती. बकरीकू पानी होना. पन उसकू कोन देताच नै." मग बाईंच्या तोंडाकडे पाहून तिनं आपणहून भाषा बदलली आणि म्हणाली, "बकरीला तहान लागलीय." बाई हसल्या नाहीत, दुरुस्तही केलं नाही. "मग बकरीनं काय केलं?" एवढंच विचारलं. नात पुढं सांगत सुटली, अर्धं दखनीत आणि अर्धं मराठीत. बाईंनी कार्डावर लिहिलं, 'चित्रावर स्वतःहून बोलते.'

मी तिथून बाजूला झालो. पंचवीस वर्षांपूर्वी असंच एक चित्र माझ्या मुलापुढं धरलं गेलं होतं. ते मला आठवलं.

माझा मुलगा 2000 साली पहिलीत गेला. तेव्हा पहिलीसाठी पाच वर्षं पूर्ण लागत. तो साडेचार वर्षांचा होता. ओळखीनं बसवून घेतलं. एक वर्ष वाचलं, असं मला वाटलं. (कशासाठी वाचलं, याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. माझी स्वतःची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर 1 जून आहे. माझ्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राची ती आहे, त्यामुळे वयाच्या बाबतीत आमचा हात जरा सैलच असायचा.) पत्नीची तेव्हा अंगणवाडीत नुकती दोन-तीन वर्षं झाली होती. ती म्हणाली होती, "अजून त्याची मूठ पक्की झालेली नाही, एक वर्ष खेळू द्या." मी ऐकलं नाही. रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की पाटी घ्यायची, त्याची मूठ माझ्या मुठीत धरायची आणि 'अ' गिरवून घ्यायचा. तो रडायचा. त्याचा हात दुखत असेल, हे माझ्या मनात आलं नाही. तो आळस करतो असं मी धरून चाललो.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. मी मराठीतला कवी. कविसंमेलनात कविता वाचून झाली की कुणीतरी पाठीवर थाप मारतं, "वा, तुमचं मराठी किती शुद्ध!" माणसं मनापासून म्हणतात, त्यांना दोष नाही. पण तीस वर्षं मी हे ऐकतोय, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या कवीला हे वाक्य कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. याचा एक काटा मनात रुतून होता. तो मी मुलावर काढला. त्याच्याशी घरात फक्त मराठी बोलायची, असा मी नियम केला. तो आजीशी दखनीत बोलला की मी डोळे वटारायचो. पानी नाही, पाणी. बिल्ली नाही, मांजर. आजी बिचारी नातवाशी बोलताना माझ्याकडे चोरून बघायची.

शाळेत दिवाळीआधी बाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, "मूल बोलतच नाही. चित्र दाखवलं तर नुसतं बघतं. ऐकू येतं का, एकदा तपासून घ्या." आम्ही सांगलीला नेऊन कान तपासले. कान उत्तम होते. मग हळूहळू तो गरजेपुरतं बोलायला लागला, वर्ग चढत गेला, आणि ती गोष्ट घरात विसरली गेली.

तो विशीत असताना एकदा सहज विषय निघाला. तो म्हणाला, "अब्बा, ते मांजराचं चित्र होतं. मला बिल्ली येत होतं आणि मांजरही येत होतं. कुठला शब्द म्हटला तर तुम्ही रागावणार नाही, ते कळत नव्हतं." एवढं बोलून तो उठून गेला. आज तो एमआयडीसीत एका कारखान्यात चांगलं काम करतो. अजूनही कमी बोलतो. सगळं माझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही, काही माणसं मुळातच अबोल असतात. पण माझ्यामुळे किती आणि मुळातलं किती, हा हिशेब आता कुणी करू शकत नाही.

श्रोतेहो, या मेळाव्यात एका आईनं शेवटच्या टेबलावर विचारलं, "पोरगं पास का नापास?" बाई म्हणाल्या, "ताई, ही परीक्षा नाही. मे महिन्यात त्याच्याशी काय खेळायचं, हे कळण्यासाठी आहे." मला वाटतं, या वयाबद्दलचा आपला सगळा घोटाळा त्या आईच्या प्रश्नात आहे. आपल्याला सगळीकडे पास-नापास दिसतं. म्हणून साडेतीन वर्षांच्या मुलाला एबीसीडी लिहायचा गृहपाठ असतो आणि आई रात्री दहा वाजता तो स्वतःच लिहून टाकते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रवेशासाठी मुलाची चाचणी आणि आईबापांची मुलाखत घ्यायला बंदी केली. तरी तयारी करून घेणाऱ्या शिकवण्या पाहिल्या की वाटतं, कायदा शाळेच्या दारापर्यंत पोचला, आपल्या उंबऱ्यापर्यंत नाही. आणि गंमत बघा. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा धरला आहे, शाळेआधीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. 2021 च्या निपुण भारत अभियानानं वाचन, लेखन आणि आकडेमोडीचा पाया पक्का व्हायला तिसरीच्या अखेरपर्यंत मुदत दिली आहे. म्हणजे सरकार नऊ वर्षांपर्यंत थांबायला तयार आहे. आपल्यालाच घाई.

हा एकच टप्पा आहे, हे महाराष्ट्रात फार पूर्वी कुणाला तरी समजलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावं आमच्या घरात पत्नीच्या प्रशिक्षणाच्या वहीतून आली. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करत होत्या. 1926 साली त्यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापला. 1945 मध्ये त्या आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या आणि तिथं अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. बोर्डीच्या बालवाडीत दलित वस्तीतली मुलं येईनात. तेव्हा मुलं येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, असं त्यांनी ठरवलं. तिथून अंगणवाडी हा शब्द आला. आज देशभर लाखो ठिकाणी तो पाटीवर लिहिलेला आहे, आणि तो मराठीत जन्मला याचा मला एक कवी म्हणून फार आनंद वाटतो. एवढा सोपा शब्द आम्हाला कवितेत सुचत नाही.

1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेलं. तिथं वेगळीच अडचण. मुलगी शाळेत आली तर तान्ह्या भावाला कोण बघणार? म्हणून एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी सोय केली, तिला विकासवाडी म्हणत. थोरली बहीण वर्गात, मधला बालवाडीत, धाकटा पाळण्यात. गुरं राखायला जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढल्या. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं हे वाटतं की तिथं बालवाडी संपली म्हणून मुलाचं गणगोत तुटत नव्हतं. तेच आवार, तीच झाडं, तीच माणसं.

आपण पुढे काय केलं? 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, अंगणवाड्या गावोगाव गेल्या, हे फार मोठं काम झालं. पण अंगणवाडी एका खात्याकडे आणि शाळा दुसऱ्या खात्याकडे. दोन्हींच्या नोंदवह्या वेगळ्या. अंगणवाडीच्या ताईंना माहीत असतं की हे पोरगं दुपारी भूक लागली की चिडतं, याला मोठ्या आवाजाची भीती वाटते, हिला गाणी दोनदा ऐकली की पाठ होतात. तीन वर्षांत गोळा झालेली ही माहिती जूनच्या पंधरवड्यात वाऱ्यावर जाते. माझी पत्नी गेली काही वर्षं एक साधी गोष्ट करते. शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात पहिलीच्या बाईंकडे चहाला जाते आणि एकेका मुलाबद्दल दोन-दोन वाक्यं सांगते. याला ना कुठलं परिपत्रक लागतं, ना निधी. आणि पहिल्या दिवशी आपल्या मुलांबरोबर शाळेपर्यंत चालत जाते.

आता हाताबद्दल. पत्नी तेव्हा 'मूठ पक्की नाही' म्हणाली होती, त्याचा अर्थ मला पुष्कळ उशिरा समजला. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या मनगटातली लहान हाडं अजून पूर्ण तयार झालेली नसतात, त्यातला बराच भाग कूर्चाच असतो. पेन्सिल तीन बोटांत धरून बारीक वळण द्यायचं तर खांदा, कोपर, मनगट, बोटं या क्रमानं बळ यावं लागतं. ते गिरवून येत नाही. झाडावर चढून, दोरी ओढून, पाण्याची कळशी दोघांत धरून आणून, माती मळून येतं. मग बोटांचं काम. मेथी निवडणं, शेंगा सोलणं, लसूण सोलणं, मणी ओवणं, कणकेच्या गोळ्याची साप-गोगलगाय करणं. ईदेला आमच्याकडे पूर्वी घरीच शेवया करत. आजी पोरांना एकेक कणकेची गोळी द्यायची आणि चिमटीनं बारीक बोटव्या ओढायला लावायची. दिवाळीला तुमच्याकडे शंकरपाळ्या कातायला पोरं धावत असतील. कुणाच्याही स्वयंपाकघरात हे सगळं आहे. आपण 'पसारा करशील' म्हणून पोरांना तिथून हाकलतो आणि मग बाजारातून बोटांच्या व्यायामाची खेळणी विकत आणतो.

मे महिन्यात आमच्या घरी कात्री आली. बोथट टोकाची. जुन्या वर्तमानपत्राचा कीस पडला. त्यात माझ्या एका कवितेचं कात्रणही गेलं, ते असो. गल्लीतल्या आयांचा एक गट मेळाव्यात ठरला होता. त्या आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी ओट्यावर जमायच्या आणि शाळेनं दिलेल्या कार्डावरचे खेळ पोरांकडून करून घ्यायच्या. त्यातल्या दोघींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण दस्तरखान घातलं की माणसं किती, ताटल्या किती, प्रत्येकाला एक वाटी पुरेल का, हे पोराला विचारायला लिहिता यावं लागत नाही. गणिताची पूर्वतयारी म्हणतात ती हीच. एकास एक जोडी, कमी-जास्त, लहान-मोठं, आधी-नंतर. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या पोराला 'पाच चमचे आण' म्हटलं आणि त्यानं मूठभर आणले, तर शंभर आले असं कसं म्हणायचं?

आरोग्याचं थोडक्यात सांगतो. वजन-उंचीची नोंद अंगणवाडीत होते, ती बघत जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. माझ्या मुलाचे कान चांगले निघाले, पण पत्नीच्या अंगणवाडीत एका मुलीला खरोखरच कमी ऐकू येत होतं, आणि वर्षभर सगळे तिला हट्टी म्हणत होते.

जूनमध्ये मूल चटईवरून बाकावर जातं. मोठ्यांना ही फुटाभराची उंची वाटते. मुलाला तिथं बसलं की पाय लोंबकळतात. अंगणवाडीत कधीही उठून पाणी पिता येत होतं, इथं विचारावं लागतं. वीस मुलं होती, आता मोठी शाळा, मोठी पोरं, घंटा. पहिल्या महिन्यात रडणं, अंगठा पुन्हा तोंडात जाणं, रात्री अंथरूण ओलं होणं हे पुष्कळ मुलांचं होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सगळ्यात मोठी भीती कशाची असते, माहीत आहे? शाळेतल्या मुतारीची. अंधार असतो, कडी उंच असते, आणि विचारायचं कसं हे कळत नाही. घराघरात या गोष्टीचा शब्द वेगळा. पत्नी म्हणते, शाळेच्या भाषेतलं एकच वाक्य मी आधी पाठ करून घेते. "बाई, मला लघवीला जायचंय." बाकीची भाषा पोरं आपोआप उचलतील, या वाक्यासाठी मात्र थांबता येत नाही. शाळा सुरू होण्याआधी एकदा मुलाला नेऊन ती जागा दाखवून आणा, नळ कुठं आहे ते दाखवा, कडी लागते का ते बघा. लागत नसेल तर मुख्याध्यापकांना सांगा.

भाषेचं मी शेवटी ठेवलं, कारण तिथं माझं दुखणं आहे.

2025 च्या उन्हाळ्यात पहिलीपासून तिसरी भाषा असावी का, यावर आपल्याकडे मोठा वाद झाला आणि 29 जूनला ते दोन्ही शासन निर्णय मागे घेतले गेले. त्या वादात कोण बरोबर होतं, यात मी इथं शिरत नाही. पण शाळेनं मुलाला किती भाषा द्याव्यात यावर एवढं बोललं गेलं, तर मूल घरून कोणती भाषा घेऊन येतं यावर निदान पाव भाग तरी बोलायला हवं होतं. कोसबाडच्या पोरांची वारली होती. खानदेशात अहिराणी, मेळघाटात कोरकू, तांड्यावर गोरमाटी, आमच्याकडे दखनी. ऊसतोडीच्या फडावरून आलेल्या मुलाची बीडकडची मराठीसुद्धा कोल्हापूरच्या वर्गात परकी ठरते.

मला वाटायचं, घरची भाषा पुसली की शाळेची भाषा त्या जागी स्वच्छ लिहिता येते. मूल पाटी नव्हे, हे मला कवी असून कळलं नाही. मूल शब्दांच्या आधी बोलणं शिकतं. आपण काही म्हटलं की समोरचा ऐकतो, त्याला उत्तर येतं, आपलं म्हणणं पोचतं, ही खात्री आधी येते. ती घरच्या भाषेत येते, दुसरीकडून यायला जागा नाही. एकदा ती आली की मूल बिल्लीवरून मांजरावर सहज उडी मारतं. ती खात्रीच गेली तर शब्द दोन्ही असून उपयोग नाही. मोबाईलबद्दलही मला हेच म्हणायचं आहे. त्यातून पोरांना शब्द भरपूर मिळतात, इंग्रजीसुद्धा. पण तो उत्तराची वाट बघत नाही.

आणि आमची दखनी मराठीला परकी आहे का? ती 'नको' म्हणते, तो शब्द मराठीचा. 'ऐसाच', 'मैंच' यांतला 'च' मराठीचा. शेकडो वर्षं दोघी एकाच ओट्यावर बसून भाजी निवडत आल्या आहेत. नातीनं 'देताच नै' म्हटलं, त्यात मराठी आधीच होती. मी पंचवीस वर्षांपूर्वी ती ऐकली असती तर बरं झालं असतं.

म्हणून आयांना आणि आजीआजोबांना एवढंच सांगेन की गोष्ट आपल्याच भाषेत सांगा. शाळेसाठी म्हणून तुटक्या परक्या भाषेत सांगायला गेलात की गोष्ट आखडते, राक्षससुद्धा भित्रा होतो. गोष्ट मध्येच थांबवून "मग काय झालं असेल?" असं विचारा आणि मुलाचं उत्तर चुकीचं असलं तरी तीच गोष्ट तिकडे वळू द्या. शब्दांच्या भेंड्या खेळा. 'क'नं सुरू होणारे शब्द अंघोळ घालताना सुद्धा शोधता येतात. आवाज कानात पक्का बसलेल्या पोराला पुढं 'क' हे अक्षर दिसलं की ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. आणि शिक्षकांना एक विनंती. मुलाच्या घरच्या भाषेतले दहा-वीस शब्द पहिल्या आठवड्यात त्याच्याकडूनच शिकून घ्या. बाईंना आपण काही शिकवलं, याचा आनंद त्या पोराला वर्षभर पुरतो.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा दुसरा मेळावा झाला. कात्री जमली, वेडीवाकडी का होईना. लंगडी अजून चारच पावलं. पहिले आठ दिवस नात दारापाशी आईचा पदर सोडत नव्हती. नवव्या दिवशी वर्गात एका मुलीशी भांडण झालं आणि त्या भांडणाची पुढची फेरी खेळायची म्हणून ती आपणहून गेली.

पालकसभा ऑगस्टमध्ये होती. मी निघालो होतो, पण मुलगा म्हणाला, "मी जातो." कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढून गेला. परत आल्यावर मी विचारलं, "काय बोलणं झालं?" "काही नाही, थोडं," म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला. दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून पत्नीला कळलं. सभेत बाईंनी विचारलं होतं, कुणाला काही सांगायचंय का. माझा मुलगा मागच्या बाकावरून उठला होता आणि म्हणाला होता, की ती घरी जे बोलते ते तिला इथं बोलू द्या, मराठी ती शिकेल, घाई करू नका. मग म्हणे त्यानं आमच्याकडचे पाच-सहा शब्द आणि त्यांचे अर्थ सांगितले, आणि बाईंनी ते वहीत उतरवून घेतले.